गव्हाची बाधा, खपली आणि तपासणीचा कागद

सातारा व सांगली जिल्ह्यांत खपली गव्हाचें पीक जुनें आहे, आणि अलीकडे शहरांतून त्यास चांगली मागणी आली आहे. ही मागणी येण्याचें एक कारण असें सांगितलें जातें कीं, खपलींत ग्लुटेन नसतें, सबब ज्यांस गहूं बाधतो त्यांनीं ती खुशाल खावी. हें विधान खरें नाहीं, व ज्याला गव्हाची खरी बाधा आहे त्याच्या प्रकृतीस तें घातक आहे. दुसरी चूक घरांत होते. कोणाचें पोट वारंवार बिघडूं लागलें कीं पुष्कळ लोक रक्त तपासण्यापूर्वींच गहूं बंद करतात, आणि मग केलेली तपासणी फुकट जाते. या दोन्ही गोष्टींचा संबंध आपल्या शेताशीं व स्वयंपाकघराशीं असल्यामुळें त्यांचा येथें थोडक्यांत विचार करूं.

ग्लुटेन म्हणजे काय

कणकेचा गोळा पाण्याखालीं मळत राहिल्यास पांढरें सत्त्व वाहून जातें व हातांत रबरासारखा चिवट पदार्थ उरतो. तेंच ग्लुटेन होय. पोळी लाटतांना तुटत नाहीं ती याच्यामुळें. ज्वारीच्या पिठांत तें नसतें, म्हणून भाकरी थापावी लागते. सातूंत आणि राय नांवाच्या परदेशी धान्यांत (आपली मोहरी-राई नव्हे) त्याच जातीचीं प्रथिनें असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरी व राळा हीं धान्यें यापासून मुक्त आहेत.

बाधेचे तीन प्रकार

पहिला व सर्वांत गंभीर प्रकार सिलिॲक रोग. यांत शरीराची संरक्षक शक्ति ग्लुटेनमुळें स्वतःच्याच लहान आंतड्यावर उलटते, आणि अन्नरस शोषून घेणारी आंतील बारीक लव झडून जाते. मूल खातें पण वाढत नाहीं, पोट फुगतें, जुलाब होतात. मोठ्या माणसांत पंडुरोग लोहाच्या गोळ्यांनीं हटत नाहीं, हाडें ठिसूळ होतात. कित्येकांस पोटाची तक्रार मुळींच नसते. दुसरा प्रकार गव्हाची ॲलर्जी: यांत खाल्ल्यावर थोड्याच वेळांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित् श्वास कोंडतो. तिसरा प्रकार ग्लुटेनची असहिष्णुता. यांत त्रास खरा असतो, परंतु पहिल्या दोन्ही रोगांच्या तपासण्या निर्दोष येतात. या तिसऱ्या प्रकारासाठीं रक्ताची स्वतंत्र तपासणी नाहीं; पहिले दोन रोग नाहींत असें ठरल्यावरच त्याचें नांव घेतां येतें.

सिलिॲक रोगाचें स्पष्ट वर्णन इंग्लंडांतील डॉक्टर सॅम्युएल गी यांनीं १८८८ सालीं केलें, पण त्याचें कारण पुष्कळ वर्षें कळलें नव्हतें. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांस गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वींच आला होता. युद्धाच्या अखेरीस तेथें पाव दुर्मिळ झाला असतां त्या संशयास बळकटी आली, आणि १९५० सालीं त्यांनीं आपल्या प्रबंधांत गहूं हेंच कारण असल्याचें मांडलें.

हा रोग केवळ पाश्चात्यांचा नव्हे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत हिंदुस्थानांतील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांचें रक्त तपासलें गेलें. उत्तरेंत शंभरांत सुमारें एक, तर दक्षिणेंत दहा हजारांत सुमारें एक मनुष्य या रोगाचा आढळला. विशेष हें कीं, रोगास अनुकूल असा आनुवंशिक गुण दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणांत होता. फरक होता तो गव्हाच्या आहारांत. उत्तरेकडील पाहणींत माणशीं रोज ४५५ ग्रॅम गहूं खाल्ला जात होता, दक्षिणेकडील पाहणींत २५ ग्रॅम. तेव्हां भाकरीच्या मुलखांत हा रोग होत नाहीं असें समजूं नये. भाकरीच्या जागीं पोळी आली कीं तो प्रकट होण्यास वाव मिळतो.

तपासणीचा कागद कसा वाचावा

खत टाकल्याबरोबर घेतलेला मातीचा नमुना जमिनीची खरी स्थिति सांगत नाहीं, हें आपणांस ठाऊक आहे. रक्ताचेंही तसेंच आहे. तपासणींत ग्लुटेनमुळें उत्पन्न झालेलीं प्रतिद्रव्यें मोजतात. कांहीं महिने गहूं बंद असेल तर तीं ओसरतात, आणि रोग असूनही कागद निर्दोष येतो. म्हणून तपासणी होईपर्यंत गहूं नेहमींप्रमाणें चालूं ठेवावा. आधींच बंद केला असल्यास तसें डॉक्टरांस सांगावें. ते ठरवितील त्या मानानें कांहीं आठवडे पुन्हा खाऊन मग रक्त द्यावें लागतें.

मुख्य तपासणीस ‘टीटीजी आयजीए’ म्हणतात. आलेला आंकडा त्याच कागदावर छापलेल्या मर्यादेशीं ताडून पाहावा. निरनिराळ्या प्रयोगशाळांचीं मापें निरनिराळीं असल्यामुळें एका कागदाचा आंकडा दुसऱ्याशीं ताडूं नये. आंकडा मर्यादेहून थोडाच अधिक असेल तर रोग निश्चित झाला असें होत नाहीं. दुर्बिणीनें आंतड्याचा अगदीं लहान तुकडा काढून तो तपासावा लागतो. लहान मुलांत आंकडा मर्यादेच्या दहापट वा अधिक असून दुसऱ्या रक्तनमुन्यावरील ‘ईएमए’ तपासणीही दोष दाखवीत असेल, तर तुकडा न काढतांही डॉक्टर निर्णय देऊं शकतात.

आंकडा मर्यादेच्या आंत असला तरी ‘एकूण आयजीए’ किती, हें विचारावें. कित्येकांच्या रक्तांत हें द्रव्य जन्मतःच नसतें. त्यांचा कागद रोग असूनही निर्दोष दिसतो, व त्यांस दुसरी तपासणी लागते. ‘एचएलए’ नांवाची आनुवंशिक तपासणी दोष दाखवी म्हणून घाबरूं नये. वरील पाहणींत हा गुण तीन माणसांत सुमारें एकास आढळला, आणि त्यांतील फारच थोड्यांस रोग होतो. तो गुण नसेल तर मात्र रोग नसल्याची जवळजवळ खात्री धरतां येते. घरांत एकास रोग निघाल्यास आईबाप, भावंडें व मुलें यांचेंही रक्त एकदां तपासून घ्यावें.

खपलीविषयीं

खपली हा गहूंच आहे. नेहमींच्या गव्हांत ४२ गुणसूत्रें असतात, खपलींत २८. त्यामुळें तिच्या ग्लुटेनचा गुण कांहींसा वेगळा असतो व कणीक तितकी ताणली जात नाहीं. परंतु ग्लुटेन तींत भरपूर आहे. निरोगी माणसास खपलीची खीर, लापशी, शेवया उत्तम. सिलिॲकच्या रोग्यास त्यांतील एकही चालत नाहीं. खपलीच्या पोत्यावर ‘ग्लुटेनमुक्त’ असा शब्द घालून दोन पैसे अधिक मिळतीलही, पण एखाद्या मुलाची वाढ त्यांत खुंटेल, आणि उघडकीस आल्यावर साऱ्या मुलखाच्या खपलीचें नांव जाईल. खपलीची चव व तिचा टिकाऊपणा एवढ्यावर ती विकण्यास पुरेशी आहे.

खळें, गिरणी व घर

आपल्या शाळूस व बाजरीस मात्र येथें खरी संधि आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानें ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थांत किलोस वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असतां कामा नये. गव्हाचे हजार दाणे सुमारें चाळीस ग्रॅम भरतात. म्हणजे एक दाणा चाळीस मिलिग्रॅमचा, व त्याचा सुमारें दहावा हिस्सा ग्लुटेन. या हिशेबानें किलोभर ज्वारींत गव्हाचे पांच दाणे पडले कीं मर्यादा गांठली जाते. म्हणून माण, खटाव, जत या भागांतील ज्यांस असा माल विकावयाचा असेल त्यांनीं मळणी-यंत्र झाडून पुसून घ्यावें, पोतीं नवीं वापरावीं आणि धान्य निवडून घ्यावें. शेवटीं प्रयोगशाळेचा दाखला हवाच.

रोग्याच्या घरीं गिरणी हें मोठें विघ्न असतें. गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीच्या पिठांत गहूं उतरतोच. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या जात्यावर किंवा गव्हासाठीं न वापरल्या जाणाऱ्या घरगुती गिरणीवर दळावें. चाळणी, परात व पोळपाट वेगळे ठेवावे. रवा, मैदा, कुरडई वर्ज्य आहेतच. बाजारच्या हिंगांतही पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें, तें वेष्टणावर वाचून पाहावें.

पथ्य सुरू केल्यावर सहा महिन्यांनीं व वर्षानें रक्त पुन्हा तपासतात. आंकडा उतरत असेल तर आंतडें बरें होत आहे असें समजावें. उतरत नसेल तर कोठून तरी गहूं पोटांत जात आहे, तो शोधावा. या रोगास आज पथ्यावांचून दुसरें खात्रीचें औषध नाहीं, व हें पथ्य जन्मभर पाळावें लागतें. परंतु ज्या मुलखांत भाकरी हें रोजचें अन्न आहे, तेथें तें पाळणें इतरांपेक्षां पुष्कळ सोपें आहे.