संमती कोणत्या महिन्यात विचारायची?

श्रीवर्धन तालुक्यातील दिघी बंदराच्या परिसरात औद्योगिक क्षेत्र विकसित करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. उद्योग हवा की नको, यावर मतभेद असणारच. आम्हांला त्याआधीचा प्रश्न तपासायचा आहे : जमीन, जंगल आणि खाडी यांविषयी निर्णय होताना आपल्या जिल्ह्यातील कातकरी बांधवांना कोण, केव्हा आणि कसे विचारते?

रायगडने असे विचारणे एकदा पाहिले आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी भूसंपादन होऊ घातले असता, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी प्रशासनाने मत नोंदवून घेतले. देशात क्वचितच घडलेली ही गोष्ट. परंतु ते मत सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यांचे होते. कातकऱ्यांची घरे पुष्कळदा दुसऱ्याच्या जमिनीवर असतात. ज्याच्या नावे जमीन नाही, त्याला अशा मोजणीत जागा नाही.

ओडिशातील नियमगिरीत वेगळे घडले. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानुसार बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे गेला आणि बाराही सभांनी नकार दिला. तो प्रदेश अनुसूचित क्षेत्रात येतो. रायगड येत नाही. म्हणून १९९६ चा पेसा कायदा येथे लागू नाही. वनहक्क कायदा, २००६ मात्र लागू आहे. त्याच्या नियमांनुसार ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि उपस्थितांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. कातकरी हा महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, हेही त्या कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

कायदा आहे, तरी अडचण दिनदर्शिकेत आहे. दिवाळीनंतर कित्येक वाड्या रिकाम्या होतात. माणसे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ग्रामसभा प्रथेने भरतात त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. यांतील पहिल्या दोन तारखांना वाडीत म्हातारी माणसे तेवढी उरलेली असतात. त्या दिवशी झालेला ठराव कागदावर पूर्ण असतो, एवढेच.

धम्माच्या अभ्यासकांना येथे विनयपिटकाची आठवण होईल. संघापुढे ठराव मांडल्यावर मौन ही संमती मानतात, हे आपण नेहमी सांगतो. पण ते मौन उपस्थितांचे असते, हे सांगायचे राहून जाते. आजारी भिक्खूला येता आले नाही, तर त्याचा ‘छन्द’, म्हणजे संमती, दुसऱ्याने आणावी लागते. सीमेच्या आतील भिक्खू आला नाही आणि त्याचा छन्दही आला नाही, तर तो संघ ‘वग्ग’, अपुरा ठरतो व त्याचे कर्म अग्राह्य होते. बौद्ध संघांना ठराव, गणपूर्ती आणि मतदान यांचे नियम ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने आणखी एक पायरी जोडली : ठरावाआधी अभ्यासगटात विषय समजून घेणे, आणि मग सर्वसहमतीने निर्णय. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवणारे हे गाव आहे.

आपले कित्येक माजी विद्यार्थी आज ग्रामपंचायतींत आणि सरकारी कार्यालयांत आहेत. त्यांच्याकडे आमचे मागणे साधे आहे. वनहक्काचा वा प्रकल्पाचा विषय असेल तेव्हा विशेष ग्रामसभा पावसाळ्यात, वाडी भरलेली असताना, वाडीतच बोलवावी. आणि नकाशा व ठरावाचा मसुदा आठ दिवस आधी तेथे मोठ्याने वाचून दाखवावा.