क्रोटन : पानांचे रंग टिकविण्यासाठी जागेची निवड

घराच्या अंगणात, कुंपणालगत किंवा कुंडीत लावल्या जाणाऱ्या सदाहरित शोभिवंत झुडपांमध्ये क्रोटनचे स्थान जुने आहे. एकाच पानावर हिरवा, पिवळा, केशरी व लाल असे रंग ठिपके, पट्टे किंवा ठळक शिरांच्या रूपाने दिसतात. कोडिअम व्हेरिगेटम हे त्याचे शास्त्रीय नाव. एरंडाच्या कुळातील हे झुडूप मूळचे इंडोनेशिया, मलेशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम प्रशांत महासागरातील बेटांचे आहे. वनस्पतिशास्त्रातील ‘क्रोटन’ ही प्रजाती मात्र निराळी असून जमालगोटा तिच्यात मोडतो.

रोपवाटिकेतून भडक रंगाचे रोप नेलेला ग्राहक काही महिन्यांनी नवी पाने हिरवीच येत असल्याची तक्रार घेऊन परततो. अशा वेळी बहुधा खताचा सल्ला दिला जातो. येथेच निदान चुकते. रंग उतरण्याचे नेहमीचे कारण अन्नद्रव्यांची कमतरता नसून अपुरा प्रकाश हे असते. कमी उजेडात पान हरितद्रव्य वाढवून आपली गरज भागविते व लाल-पिवळी रंगद्रव्ये झाकोळली जातात. त्यात नत्राची मात्रा वाढविल्यास झाड अधिकच हिरवे व लांबट होते. म्हणून सल्ला देण्यापूर्वी कुंडी कोठे ठेवली आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

सकाळचे तीन-चार तास ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली ही जागा बहुतेक वाणांना मानवते. कोकण, केरळ किंवा बंगालच्या दमट हवेत क्रोटन उघड्यावरही चांगला वाढतो. विदर्भातील किंवा उत्तरेकडील मैदानांतील उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाने पाने करपतात. उत्तर भारतात थंडीचाही विचार करावा लागतो. तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास पानगळ होते व दहिवराने कोवळे शेंडे मरतात. तेथे कुंडीतील लागवड सोयीची ठरते, कारण हिवाळ्यात कुंडी भिंतीच्या आडोशाला हलविता येते.

जागा बदलल्यावर खालची पाने गळणे हा या झाडाचा स्वभावच आहे. घाबरून जास्त पाणी दिल्यास मुळे कुजतात आणि मग झाड खरोखरच जाते. सावलीतील झाड उन्हात न्यायचे असल्यास दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने न्यावे.

जमीन किंवा कुंडीतील मिश्रण उत्तम निचऱ्याचे, सेंद्रिय पदार्थयुक्त असावे. मातीचा वरचा थर सुकू लागल्यावर पाणी द्यावे.

बियांपासून मातृवृक्षासारखी रोपे मिळण्याची खात्री नसते. त्यामुळे वाणाची शुद्धता राखण्यासाठी छाट कलम किंवा गुटी कलम करावे. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरील सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर रुंदीची साल वर्तुळाकार काढावी, त्यावर ओले शेवाळ बांधून प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळावे. मुळे प्लॅस्टिकमधून स्पष्ट दिसू लागल्यावरच गुटी कापावी. घाई केलेल्या गुट्या पिशवीत लावल्यावर बहुधा सुकतात. कलमासाठी फांदी निवडताना तिचा रंग पाहावा. पूर्ण हिरवी झालेली फांदी कलमासाठी न घेता तळापासून छाटून टाकावी.

पिठ्या ढेकूण, खवले कीड व कोरड्या हवेत लाल कोळी यांचा उपद्रव होतो. घरगुती लागवडीत पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुणे आणि प्रादुर्भाव दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारणे एवढे बहुधा पुरते. पिठ्या ढेकणांबरोबर मुंग्या दिसत असल्यास त्यांचाही बंदोबस्त करावा, कारण त्या किडीला संरक्षण देतात.

छाटणीच्या वेळी निघणारा चीक त्वचेला दाहक असून कपड्यांवर त्याचे डाग कायम राहतात. हातमोजे वापरावेत. पाने पोटात गेल्यास त्रास होत असल्याने लहान मुले व पाळीव जनावरे असलेल्या घरात झाड त्यांच्या सहज आवाक्याबाहेर लावावे, आणि विक्रीच्या वेळीच ही सूचना ग्राहकास द्यावी.