गेलेली पत आणि नवे रूप

(द्वितीय वर्ष, कला)

‘थेंबाने गेली ती हौदाने येत नाही,’ असे जुनी माणसे म्हणतात. क्षणात घालवलेली अब्रू पुढे कितीही धडपड केली तरी परत येत नाही, हा त्याचा अर्थ. परंतु मोबाईलच्या पडद्यावर नावारूपाला आलेल्या मंडळींकडे पाहिले, की ही म्हण खोटी ठरते की काय, असा प्रश्न पडतो.

मुंबईच्या रणवीर अलाहाबादिया यांचेच उदाहरण घेऊ. व्यायामाचे धडे देता देता ते मुलाखतकार झाले. मार्च २०२४ मध्ये त्यांना पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वर्ष उलटण्याआधीच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, समय रैना यांच्या ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या कार्यक्रमात त्यांनी आईवडिलांविषयी अश्लील प्रश्न विचारला आणि देशभर संताप उसळला. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारीला त्यांची कानउघाडणी केली. अटकेपासून संरक्षण दिले, पण कार्यक्रम बंद ठेवायला लावले. ३ मार्चला सभ्यता पाळण्याच्या हमीवर परवानगी मिळाली आणि ३० मार्चला ते परतले.

या परतीच्या पायऱ्या पाहण्यासारख्या आहेत. पहिली पायरी तत्काळ माफीची, दुसरी मौनाची, तिसरी ‘आणखी एक संधी द्या’ या विनवणीची आणि चौथी नव्या रूपाची. परतल्यावर त्यांनी मुलाखत घेतली ती एका बौद्ध धर्मगुरूंची! रैना यांची वाट निराळी. त्यांनी कार्यक्रमाचे सारे भाग काढून टाकले आणि पुढे रंगमंचावर त्याच प्रसंगावर विनोद केले.

हे साधते कसे? पडद्यावर रोज नवा विषय येतो, म्हणून कालचा राग आज विझतो. शिवाय रागाने पाहणाराही प्रेक्षकांच्या संख्येत भरच घालतो.

वाचकहो, दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे असते. मीही शिरवळच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका आजींच्या बोलण्याची नक्कल करून ती फोनवर टाकली होती. मित्र पोट धरून हसले. माझ्या आईने मात्र ती पाहिली आणि एवढेच म्हणाली, “उद्या माझीबी काढशील.” माझी आई अंगठा उठवते. मी ती चित्रफीत पुसली, खात्याचे नाव बदलले, सुभानमंगळ किल्ल्याची माहिती टाकू लागलो. लोक वाहवा करू लागले. माझेही नवे रूप तयार झाले!

पण बाजारातून जाताना मान वर होईना. शेवटी आजींपुढे जाऊन उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “माझ्याकडं कुठला आलाय फोन? पण लेक रडली रं.” मग त्यांनी कोथिंबिरीची जुडी हातात दिली, पैसे मात्र मोजून घेतले.

तात्पर्य, नवे रूप घेतल्याने प्रेक्षक परत मिळतात. पत मिळवायची तर ज्याचे मन दुखावले, त्याच्याच दारात जावे लागते. तेथे पडदा नसतो आणि टाळ्याही नसतात, असे मला वाटते.