पायथनला गणित पक्कं हवं का?

प्रश्न : मी कॉमर्सची विद्यार्थिनी, गणित कच्चं. व्हिडिओ पाहूनही पायथन जमत नाही. क्लास लावू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सुरुवातीला बेरीज-गुणाकारापलीकडचं गणित लागतच नाही, अडतं ते स्वतः न लिहिल्यामुळे. हळदीचा भाव आणि वजन विचारून, हमाली-तोलाई वजा करून पट्टी काढणारा छोटा प्रोग्राम लिहा. 'इनपुट'मधून आलेला आकडा पायथन मजकूरच मानतं, म्हणून ५ आणि ७ची बेरीज १२ऐवजी ५७ येते. 'इंट' लावा (दशांश असेल तर 'फ्लोट'). मग देवनागरी आकडेही चालतात! ही चूक स्वतःच्या हातून झाल्याशिवाय डोक्यात बसत नाही. क्लासमुळे शिस्त लागते, हे मान्य. पण पायथन मोफत आहे. आधी महिनाभर रोज एक उदाहरण सोडवा, मगच फी भरा. तयार उत्तरं मात्र उतरवून घेऊ नका.