टाक्यांनी शिवलेले जहाज

उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हांला –
• शिवलेल्या जहाजाची बांधणी स्पष्ट करता येईल;
• कोकण किनारा व अरब देश यांच्या प्राचीन संबंधांची माहिती सांगता येईल;
• मराठीत रुळलेले अरबी-फारसी शब्द ओळखता येतील;
• हस्तकौशल्य हेही ज्ञानच आहे, या विचाराची चर्चा करता येईल.

प्रस्तावना

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही या जिल्ह्यातील भिलाईचे पोलाद आज समुद्रावर संचार करीत आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेसाठी भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी पोलाद पुरवले होते. त्याच नौदलाने मे २०२५ मध्ये कारवार येथे एक अगदी निराळे जहाज स्वीकारले. त्याचे नाव ‘कौंडिण्य’. त्याला इंजिन नाही. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. पोलादाच्या युगात असे जहाज कोणी आणि का बांधले असावे? या पाठात त्याचा शोध घेतला आहे.

मूळ पाठ

चित्रातून जहाज

महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या लेण्यांत जहाजांची चित्रे आहेत. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या अनामिक चित्रकाराने भिंतीवर रंगवलेले असे एक जहाज ‘कौंडिण्य’साठी आधार ठरले. मात्र चित्र हे चित्र असते. त्यात मापे नसतात, आतील सांगाडा दिसत नाही. त्यामुळे प्राचीन ग्रंथ, परदेशी प्रवाशांची वर्णने आणि आधुनिक शास्त्र यांची सांगड घालावी लागली. जहाज लाटांवर तग धरील की नाही, याची परीक्षा मद्रासच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने करण्यात आली. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले.

काथ्याची शिवण

चित्र आणि गणित हाती आले, पण फळी फळीला शिवणार कोण? ही विद्या पुस्तकात नव्हती; ती केरळमधील मोजक्या कारागिरांच्या हातांत उरली होती. बाबू शंकरन या कुशल जहाजबांधणी कारागिराच्या नेतृत्वाखाली त्यांनी हजारो टाके घातले.

या शिवणीची रीत समजून घेण्यासारखी आहे. दोन फळ्या काठाला काठ लावून उभ्या करतात. दोन्ही काठांजवळ ओळीने छिद्रे पाडतात. सांध्यावर काथ्याची जाड वळी ठेवतात आणि छिद्रांतून सुंभ ओवून ती करकचून आवळतात. मग छिद्रे बुजवून राळ आणि माशाचे तेल यांचा लेप देतात. अशा जहाजाचे अंग थोडे लवचीक राहते. वाळूच्या किनाऱ्यावर आपटले किंवा लाटेचा तडाखा बसला, तरी सांधे चटकन उकलत नाहीत. अर्थात त्याला निगाही तितकीच लागते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. परंतु समुद्रावर तो पीळ टिकवण्यासाठी वेळोवेळी तेलपाणी करावेच लागते.

ही रीत एकट्या भारताची नव्हती. अरब खलाशीही शिवलेल्या जहाजांतूनच प्रवास करीत. त्यांच्या देशात मोठे लाकूड दुर्मीळ. म्हणून सागवान आणि काथ्या ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून नेत. एका किनाऱ्यावरचे झाड दुसऱ्या किनाऱ्यावर जहाज होत असे.

वाऱ्याचे वेळापत्रक

शिडाच्या जहाजाचा खरा चालक वारा. पावसाळ्यात अरबी समुद्रावर नैर्ऋत्येकडून, तर हिवाळ्यात ईशान्येकडून वारे वाहतात. पावसाळ्याचा जोर ओसरू लागला की अरब जहाजे भारताकडे येत आणि हिवाळी वाऱ्यावर परतत. ऋतू या अर्थाच्या ‘मौसिम’ या अरबी शब्दावरूनच ‘मोसम’ आणि ‘मान्सून’ हे शब्द आले. कोकणातील कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा होड्या लोटतात, त्यामागेही वाऱ्याचेच हे ज्ञान आहे. रात्री दिशा आणि स्थान कळावे म्हणून अरब नाविक ‘कमाल’ नावाची लाकडी पट्टी वापरीत. तिला गाठी मारलेली दोरी असे. त्या साधनाने ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजता येई.

चौल आणि चिंचणी

वाऱ्याची वाट पाहत महिनोन् महिने परदेशी थांबावे लागे. त्यातूनच व्यापाऱ्यांचे शेजारी झाले. अरब प्रवासी अल् मसुदी इ.स. ९१६ च्या सुमारास आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल येथे आला होता. त्या बंदराला अरब लोक ‘सैमूर’ म्हणत. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने नोंदवले. त्यांत बसरा, बगदाद, ओमान येथून आलेले होते, तसेच याच भूमीत जन्मलेलेही होते. त्यांच्या समाजाचे व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला असे.

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला ताम्रपट त्याहून बोलका आहे. त्याचा काळ शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाण प्रदेशाचा कारभार मधुमती नावाचा अधिकारी पाहत होता. मधुमती हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप, तो ताजिक, म्हणजे अरब होता. त्याने नद्यांवर विनामूल्य होड्यांची सोय केली, अन्नछत्र उघडले आणि भगवती देवीच्या मठिकेसाठी दान दिले. धर्म वेगळा होता, भाषा वेगळी होती; पण वाटसरूची भूक आणि नदी ओलांडण्याची अडचण सर्वांची सारखीच होती.

मस्कतची वाट

२९ डिसेंबर २०२५ रोजी ‘कौंडिण्य’ने पोरबंदरहून ओमानमधील मस्कतकडे प्रस्थान ठेवले. हिवाळी वाऱ्याचा तोच जुना मोसम होता. नौदलाच्या खलाशांना आधुनिक जहाजांचे शिक्षण मिळालेले असले, तरी चौरस शिडे आणि सुकाणूचे काम करणारी वल्ही त्यांना नव्याने शिकावी लागली. जानेवारी २०२६ मध्ये जहाज मस्कतला सुखरूप पोहोचले. अजिंठ्याच्या भिंतीवरची रेषा समुद्र ओलांडू शकते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता.

या प्रवासाने कोणताही माल पोहोचवला नाही. त्याने पोहोचवले ते ज्ञान. केरळच्या त्या कारागिरांची संख्या आणखी घटली असती, तर चित्र राहिले असते, ग्रंथ राहिले असते. पण टाका घालणारा हात राहिला नसता. लोहाराचा घण, विणकराचा धोटा, भट्टीवरच्या कामगाराची नजर – या साऱ्यांत अक्षरांवाचून साठलेले ज्ञान असते. ते वेळीच शिकून घेतले नाही, तर ते माणसाबरोबरच संपते.

शब्दार्थ

काथ्या – नारळाच्या सोडणाचा तंतू
सुंभ – काथ्याची दोरी
राळ – झाडाचा चिकट डिंकासारखा पदार्थ
ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख
मठिका – लहान मठ
अन्नछत्र – विनामूल्य जेवण मिळण्याचे ठिकाण
प्रस्थान ठेवणे – प्रवासाला निघणे

भाषाभ्यास

तारीख, हिशेब, वकील, मालक, हवा हे शब्द मूळचे अरबी आहेत. त्यांपैकी बरेचसे फारसीच्या वाटेने मराठीत आले. ‘बंदर’ आणि ‘दर्या’ हे शब्द फारसी आहेत. आज ते परके वाटत नाहीत. भाषाही बंदरासारखीच असते. येणाऱ्याला जागा देऊनच ती समृद्ध होते.

पाठगत प्रश्न

१. योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) अरब लोक चौलला ............ म्हणत. (सैमूर / संजाण)
(आ) हिवाळ्यात ............ दिशेकडून वारे वाहतात. (नैर्ऋत्य / ईशान्य)
२. चिंचणीच्या ताम्रपटात मधुमतीच्या कोणत्या कामांची नोंद आहे?

स्वाध्याय

१. शिवलेल्या जहाजाचे गुण व मर्यादा तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘एका किनाऱ्यावरचे झाड दुसऱ्या किनाऱ्यावर जहाज होत असे’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या वृद्ध कारागिराला भेटा. त्याचे काम नीट पाहा, त्याच्या हत्यारांची नावे विचारा आणि ती रीत दहा-बारा वाक्यांत लिहून काढा.