ठेचा नको म्हणाला तेव्हाच

शेतावर हुरड्याला बसलो होतो. ठेचा पुढे सरकवला, तर मित्राने वाटी बाजूला सारली. ज्याला ठेच्याशिवाय घास उतरत नसे, तो गुळाशी हुरडा खात होता. "म्हातारा झालास की काय?" मी हसलो. "दाढेनं गाल चावलाय. झोंबतं," तो म्हणाला. मग नेहमीप्रमाणे त्याच्या पुडीतली तंबाखू दोघांनी मळली. वीस वर्षांचा शिरस्ता.

पुढचे तीन महिने तो मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणत राहिला. गालातला चट्टा हटेना. भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागला. जांभई देताना जबडा धरू लागला. मी रोज बघत होतो. झोंबायचं, पण दुखायचं नाही, म्हणून दोघेही निर्धास्त.

शेवटी दाढ काढायला गेला. दंतवैद्यांनी दाढेला हातही न लावता चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला सांगितला. "सुरी लागली की पसरतो," घरातले वडीलधारे म्हणाले. त्या धास्तीत आणि कुणाच्या तरी झाडपाल्यात आणखी महिना गेला. असा तुकडा काढल्याने, म्हणजे बायोप्सीने, कॅन्सर पसरत नाही. ती टाळली की त्याला वाढायला वेळ मिळतो, एवढंच.

अखेर तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गालाबरोबर जबड्याचा तुकडा गेला. मग आठवड्याला पाच, असे सहा आठवडे रेडिएशनचे शेक. वहिनी आणि तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. मी अधूनमधून जाऊन राहायचो.

तिथे शिकलो ते सांगतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे 'आमच्या ओळखीतला एक' असायचा आणि गोष्ट संपेपर्यंत तो गेलेला असायचा. असल्या गोष्टी दाराबाहेर ठेवाव्यात. "काही लागलं तर सांग," असंही म्हणू नये. सांगत कुणी नाही. त्यापेक्षा एक काम अंगावर घ्यावं. मी फाइल घेतली. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावणं, महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड-आधारच्या झेरॉक्स, डॉक्टरांचं बोलणं वहीत उतरवणं. शस्त्रक्रियेनंतर तो बोलू शकत नव्हता, म्हणून शाळेतली पाटी नेली. पहिल्याच दिवशी त्याने लिहिलं, "बायकोला जेवायला घेऊन जा." तिच्याकडे तोवर कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

आता तुमच्यासाठी. तोंडातला फोड किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा पुसला जात नाही, तिखट सोसेनासं झालं, दात उगाच हलू लागला, मानेत गाठ लागली, तर गोळ्या बदलत बसू नका. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर डॉक्टर गाठा. मिश्री लावणाऱ्या आया-बहिणींनाही हे लागू आहे. मित्राला "दाखवून ये" म्हणू नका. गाडीवर बसवून घेऊन जा.

मित्राच्या तपासणीला गेलो असताना डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही खाता?" मी मान हलवली. त्यांनी बॅटरी माझ्याकडे वळवली, "आ करा." उजव्या गालात पांढरा चट्टा निघाला. त्याचा तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. तंबाखू त्या दिवशी सुटली, तरी दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायला जातो. मित्र सोबत असतो. बोलणं अजून बोबडं आहे, पण माझा नंबर आला की आधी तोच उठतो.