संगणकीय स्मृतीचे वाटप : एक आर्थिक प्रश्न

मर्यादित साधनांचे वाटप हा अर्थशास्त्राचा मूळ विषय. संगणकाच्या स्मृतीलाही तो लागू पडतो. चालू प्रोग्रॅमला स्मृती मुख्यतः दोन ठिकाणी मिळते. स्टॅकवरील जागा जवळजवळ विनामूल्य असते. एक पॉइंटर सरकवला की ती मिळते आणि फंक्शन संपताच आपोआप परत जाते. मात्र तिचे आकारमान बहुधा आधीच ठरवावे लागते आणि एकूण साठाही लहान असतो : लिनक्सवर सहसा ८ मेगाबाइट, विंडोजवर १. हीपवर गरजेनुसार मागणी करता येते. पण मोकळा तुकडा शोधणे, नोंद ठेवणे, तो परत करणे हा व्यवहारखर्च दरवेळी पडतो.

यातून मधला मार्ग निघाला. ॲरेच्या रचनेतच थोड्या घटकांची जागा राखून ठेवायची, ती भरली तरच हीपकडे जायचे. एलएलव्हीएम प्रकल्पातील ‘स्मॉलव्हेक्टर’ याच पद्धतीचा आहे. हीपवर गेल्यानंतर क्षमता पटीने वाढवतात. एक हजार घटक एकेक जागा वाढवत साठवले, तर जुने घटक ४,९९,५०० वेळा हलवावे लागू शकतात. एकापासून दुप्पट करत गेल्यास केवळ १,०२३ वेळा. परीक्षार्थींनी ही बेरीज स्वतः करून पाहावी.

खरा वाद राखीव जागा किती असावी, याचा आहे. येथे सरासरीपेक्षा वितरण महत्त्वाचे. जीसीसीच्या २०१५ मधील पाचव्या आवृत्तीपासून सी प्लस प्लसच्या स्ट्रिंगमध्ये १५ बाइटपर्यंतचा मजकूर हीपविना मावतो. रोमन लिपीतील ‘महाराष्ट्र’ ११ बाइटचा, म्हणून तो आत राहतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘मुंबई’ची पाच चिन्हे १५ बाइटमध्ये जेमतेम बसतात, ‘नागपूर’ १८ बाइटचे, म्हणून हीपवर जाते, आणि ‘महाराष्ट्र’ हलन्त चिन्हांसह ३० बाइटचे होते. बंगाली, तमिळ, तेलुगू लिप्यांचीही हीच स्थिती. उर्दूच्या अक्षरांना मात्र २ बाइट पुरतात. रोमन लिपीला सोयीची ही मर्यादा आपल्या याद्यांवर न दिसणारा अधिभार लादते.

स्मॉलव्हेक्टरमध्ये ही संख्या प्रोग्रॅमर ठरवतो, प्रमाण स्ट्रिंगमध्ये त्याला तो अधिकार नाही. नावांसाठी वेगळी रचना करून प्रत्येकी ३२ बाइट वाढवले, तर एक कोटी नोंदींना ३२ कोटी बाइट जादा लागतात, नाव ‘पुणे’ असले तरीही. म्हणून आधी प्रत्यक्ष नावांच्या लांबीची वारंवारता सारणी करावी आणि हीपवरील किती फेऱ्या वाचतात, ते त्या ३२ कोटींसमोर मांडावे.